वाणातलं कढलं

माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता पूर्ण सरळ होत नाहीत. मनगटापासून बोटांपर्यंत कातडीचा रंगही वेगळा दिसतो, कारण ती मांडीवरून काढून तिथे लावलेली आहे. मेट्रोत दांडी धरली की समोरच्या बाईची नजर तिथे जाते, आणि दिल्लीच्या बायका विचारायला लाजत नाहीत. मी सांगते, गरम तेल पडलं. मग बाई असो की पुरुष, डॉक्टर असो की रिक्षावाला, प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "हाथ से छूट गया था क्या?"

या प्रश्नाची मला चीड आहे. तेल माझ्या हातून सांडलं नाही. हे एवढं एक वाक्य कुणीतरी अधिकाराने लिहून द्यावं म्हणून मी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढले. नुकसानभरपाई वगैरे वकिलांनी अर्जात घातलं, ते घालावंच लागतं. मला हवं होतं ते मात्र हे वाक्य.

आम्ही मयूर विहारमधल्या एका सहकारी सोसायटीत राहतो. नवरा हिशेब तपासणीच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेला, मी एका मंत्रालयात अनुवादक. सोसायटीत मराठी घरं बरीच आहेत, सगळी नोकरदारांची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिथे हळदीकुंकवांचा असा सपाटा चालतो की ऑफिसातून आल्यावर चहा प्यायलाही उसंत मिळत नाही. ज्यांना मराठी बायकांचं हे प्रकरण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला यजमानीण काहीतरी लहानसं उपयोगी भांडं किंवा वस्तू देते. त्याला वाण म्हणतात. वाण सगळ्यांना सारखं द्यायचं असतं, म्हणून ते घाऊक बाजारातून आणतात. वाणाला नावं ठेवत नाहीत आणि वाण परत करत नाहीत.

माझी मैत्रीण समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहते. पहाडगंजच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे वडील आणि माझे वडील दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीत, दोघींचं बालपण सरकारी क्वार्टरांत गेलं. लग्नं होऊन आम्ही वेगवेगळ्या दिशांना पांगलो आणि पुन्हा एकाच सोसायटीत येऊन पडलो. बहिणी भांडतात तशा आम्ही भांडायचो आणि संध्याकाळी फाटकाशी उभ्या राहून बोलायचो. घरात शिजलेलं काही एकमेकींकडे न पोचता संपलं, असं सहसा झालं नाही.

त्या वर्षी तिच्या मुलाचं लग्न झालं होतं. सून पंजाबी, दिल्लीतच वाढलेली, गुरुग्रामला एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत नोकरीला. मुलगी चटपटीत, मनाने स्वच्छ. मैत्रिणीला मात्र धाकधूक होती. सोसायटीतल्या काही जणींनी लग्नाआधीच "मराठी मुली संपल्या का दिल्लीत?" असं विचारून घेतलं होतं. त्यामुळे सुनेची पहिली संक्रांत अशी व्हायला हवी की बोलणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत, असं तिने मनावर घेतलं. काळी साडी पुण्याहून मागवली, हलव्याचे दागिने स्वतः बसून केले. आणि वाण म्हणून स्टीलचं फोडणीचं कढलं ठरवलं, लांब दांड्याचं, चकचकीत. पहाडगंजच्या ज्या गल्लीत आम्ही शाळा सुटल्यावर बोरं खायचो तिथल्याच एका घाऊक दुकानातून तिने ते आणलं.

घरी आणल्यावर तिने आमच्यातल्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच केलं. एकेक कढलं खोक्यातून काढलं, खोकी कचऱ्यात टाकली, कारण खोक्यावर किंमत छापलेली असते. वाणाची किंमत दिसणं म्हणजे पंगतीत जेवणाऱ्याला भाजीचा भाव सांगण्यासारखं. बुडावरचे कागदी शिक्के कोमट पाण्यात भिजवून, खोबरेल लावून, नखाने खरवडून काढले. मग प्रत्येक कढलं पुसून त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. मला फोनवर मोठ्या कौतुकाने म्हणाली, "अगं, चिकट डाग बिल्कुल राहिला नाही, बघशील तू." ज्या मालावर बनवणाऱ्याचं नाव असायला हवं तो सगळा माल तिने असा स्वच्छ धुऊन काढला.

हळदीकुंकू छान झालं. सूनबाई काळ्या साडीत गोड दिसत होती. हलव्याचा हार सारखा पदरात अडकायचा आणि ती "हाय, मम्मी" करून सासूकडे बघायची. तिळगूळ देताना तिने आम्हा सगळ्यांना "गोड गोड बोला" असं न चुकता म्हटलं. मग तिने आपल्या हाताने प्रत्येकीच्या ओटीत कढलं घातलं. मला तेव्हाच ते आवडलं होतं. माझं जुनं कढलं काळं पडलेलं आणि बुडाला वाकलेलं होतं.

रथसप्तमी उलटून गेल्यानंतरचा एक रविवार होता. मी काकडीची कोशिंबीर केली होती आणि वरून फोडणी द्यायची होती. नवं कढलं पहिल्यांदाच गॅसवर ठेवलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग टाकला. डाव्या हातात कोशिंबिरीचं भांडं धरलं, उजव्या हाताने कढलं उचललं आणि भांड्यावर आणलं. तेवढ्यात उजवा हात एकदम हलका झाला. दांडा माझ्या मुठीत तसाच होता. कढल्याची वाटी खाली गेली होती आणि त्यातलं तेल माझ्या डाव्या हातावर होतं. मी ओरडले असेन, कारण नवरा धावत आला. मला स्वतःचा आवाज आठवत नाही, हिंगाचा वास आठवतो.

इस्पितळातले दिवस सांगत बसत नाही. कातडी लावण्याची शस्त्रक्रिया झाली, नंतर महिनोन्‌महिने बोटांचे व्यायाम झाले. मी दोन्ही हातांनी टंकन करून पोट भरणारी बाई, त्यामुळे रजा संपल्यावर ऑफिसात काय तोंड दाखवणार या विचाराने जीव अर्धा झाला होता. त्या सगळ्या काळात मैत्रीण रोज डबा घेऊन यायची. भाताचा घास मऊ करून मला भरवायची, माझे केस विंचरायची. ते मी नाकारत नाही. नाकारलं तर मीच खोटी ठरेन.

तिथे पडल्यापडल्या मी तिला म्हटलं, "अगं, दांडाच निघाला. हातात राहिला माझ्या."

ती डब्याचं झाकण लावत होती. ते नीट बसत नव्हतं, म्हणून तिने पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. मग म्हणाली, "तापलेलं तेल हातात असलं की कळत नाही गं काय झालं ते. निसटलं असेल."

त्या वेळी मला राग आला नाही. तिला वाईट वाटत असेल, तिच्या घरचं वाण होतं, असं मी मनाशी म्हटलं. राग नंतर आला. घरी आल्यावर भेटायला आलेल्या बायका माझ्याच सोफ्यावर बसून मला सांगायला लागल्या की आता वयानुसार पकड कमी होते, चष्म्याचा नंबर बघून घे, रविवारी एवढी घाई कशाला करायची. हे सगळ्यांना कुणी सांगितलं, असं मी विचारलं तर एकीने सहज मैत्रिणीचं नाव घेतलं. दुसऱ्या एकीचं जिन्यातलं बोलणं माझ्या नवऱ्याच्या कानावर पडलं. "नाचता येईना अंगण वाकडं, तशी फोडणी करता येईना आणि म्हणे दांडा ढिला." नवऱ्याने घरी येऊन मला ते सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

मी आयुष्यभर स्वयंपाक केला आहे. दिल्लीच्या मे महिन्यात बिनपंख्याच्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्या केल्या आहेत. हात भाजल्याचं दुःख होतंच. पण आपण धांदरट ठरलो, आणि ते आपल्याच माणसाच्या तोंडून ठरलो, हे दुःख रोज नव्याने व्हायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. मी जितकं सांगायची की दांडा निघाला, तितक्या बायका हळुवार माना डोलवायच्या, वेड्याला समजावताना डोलवतात तशा.

एक बरं होतं. नवरा ऑडिटमधला. तो माणूस घरातली तुटलेली वस्तू नोंद केल्याशिवाय फेकत नाही. त्याने दांडा आणि वाटी दोन्ही न धुता पिशवीत घालून माळ्यावर ठेवली होती. आमच्या इमारतीतच एक वकीलबाई राहतात. त्यांनी ते तुकडे उजेडात धरून बघितले. दांडा वाटीला वेल्डिंगच्या दोन बारीक टिपक्यांवर चिकटवलेला होता, आणि ते टिपके टिकलीसारखे उचकटून आले होते.

"ये आपके हाथ से नहीं छूटा," त्या म्हणाल्या.

परक्या बाईने, न विचारता, हे वाक्य उच्चारलं आणि मी त्यांच्या दिवाणखान्यात बसून रडले.

कायदा त्यांनीच समजावला. त्यावरच्या सरकारी पुस्तिकेचं भाषांतर कधीकाळी मी स्वतः केलं होतं, पण भाषांतर करणं वेगळं आणि आपल्या हाताला लावून बघणं वेगळं. वस्तू सदोष असेल आणि तिने इजा झाली तर बनवणारा जबाबदार. बनवणारा कोण हे सांगता येत नसेल तर विकणारा त्याच्या जागी उभा राहतो. वस्तू मीच विकत घेतलेली असायला हवी असंही नाही, घेणाऱ्याच्या संमतीने वापरणारीही ग्राहकच. पण वस्तू त्याच दुकानातून आली हे सांगणारं कुणीतरी लागतं. बिल नव्हतं, खोकं नव्हतं, शिक्का नव्हता. होती ती फक्त माझी मैत्रीण.

मी तिच्याकडे गेले. हाताला अजून पट्टी होती. तिने मला चहा करून दिला, बिस्किटं काढली. साक्षीचं नाव काढलं आणि ती उभी राहिली.

"तू दुकानदाराला कोर्टात खेचणार, म्हणजे माझ्या सुनेच्या पहिल्या वाणाला खेचणार," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील? पंजाबी सून आली, पहिल्याच संक्रांतीला वाण दिलं आणि घेणारीचा हात जळला. पायगुण काढतील तिचा. जन्मभर काढतील."

"मग माझं काय काढतायत आत्ता?"

"तुझं चार दिवसांनी विसरतील गं."

"आणि बाकीची कढली? ती लोकांच्या गॅसवर आहेत."

यावर तिने बिस्किटांचा डबा बंद केला. मी चहा तसाच ठेवून निघाले. आतल्या खोलीत बसलेली सून हे सगळं ऐकत होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर ती माझ्याकडे आली. लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच. माझा हात तिने नीट बघितला, मग दांडा आणि वाटीचे फोटो काढले. कंपनीत तिचं काम ग्राहकांकडून परत आलेल्या मालाचं होतं. "मावशी, हमारे यहाँ एक पीस में ऐसा निकला तो हम पूरा लॉट वापस मंगवाते हैं," ती म्हणाली. "हे तर सगळे परत आणायला पाहिजेत ना."

"अगं, वाण परत मागत नाहीत."

"पण हात जळतो ना, मावशी."

तिच्या सासूला हे चालणार नाही एवढं मी म्हटलं, तर ती म्हणाली, मम्मींना मी बघते. पुढचे काही दिवस ती मुलगी संध्याकाळी घरोघर फिरली. हातात कापडी पिशवी, आणि तोंडात पाठ केलेलं मराठी वाक्य, की काकू, माझ्या वाणात खराबी आहे, ते मला परत द्या. कुठे तिला पाणी विचारलं, कुठे दारातूनच वाटेला लावलं. एक आजी म्हणाल्या की बाळ, तुला माहीत नाही, आमच्यात हे अपशकुनी असतं, घरी जा. अहमदनगरकडच्या एक ख्रिस्ती बाई दर वर्षी सगळ्यांच्या हळदीकुंकवाला हौसेने येतात. त्यांनी कढलं काढून तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "वाण परत करावं की नाही ते तुम्ही ठरवा. दांडा हलतो एवढं मला माहीत आहे."

दांडा हलतो हे बऱ्याच जणींना माहीत होतं. सून घरी येऊन मला सांगायची आणि मी ऐकतच राहायची. कुणी त्याला तार गुंडाळली होती, कुणी ते पोह्यांच्या डब्यात चमच्यासारखं वापरायला ठेवलं होतं, कुणी मागे सारलं होतं. प्रत्येकीला वाटलं की आपल्याच वाट्याला खराब आलं, आणि वाणाला नावं कशी ठेवायची म्हणून जी ती गप्प बसली. काही कढली मिळालीच नाहीत. त्या बायकांनी ती दुसऱ्या कुणाच्या हळदीकुंकवात वाण म्हणून पुढे फिरवली होती. एक तर गुरुग्रामच्या कुठल्याशा टॉवरमध्ये गेलं होतं, कुणाकडे ते देणारीलाही आठवेना. ते अजूनही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असेल.

मैत्रिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटचं बोलली ते फाटकाशी, सगळ्यांसमोर. "माझ्या सुनेला तू दारोदार फिरवलंस. भीक मागायला लावलंस." मी म्हटलं, तिला मी पाठवलं नाही, तिला अक्कल आहे म्हणून ती गेली. ते मी जरा जोरातच म्हटलं. त्यानंतर ती मला बघून वाट बदलायची आणि मीही बदलायची. एवढ्या वर्षांच्या सवयीने पाय संध्याकाळी फाटकाकडे वळायचे आणि मी त्यांना मागे आणायची. मला तिचा राग होता आणि मला तिची आठवण यायची, दोन्ही एकाच वेळी. त्याने माणूस फार थकतो.

तक्रार दाखल झाली. दुकानदाराचं उत्तर आलं की असा माल आपण विकतच नाही, विकला असेल तर बिल दाखवा, आणि तक्रारदार बाईने निष्काळजीपणाने तेल सांडून घेतलं असणार. सुनेने आणलेली कढली तपासायला गेली होती आणि वेल्डिंग कच्चं असल्याचा अहवाल आला होता. पण ती सून दुकानात कधी गेली नव्हती, त्यामुळे माल तिथलाच हे सांगायला तिचा उपयोग नव्हता. वकीलबाई म्हणाल्या, सहेली के बिना केस लंगड़ा है. मी मैत्रिणीकडे जाणार नव्हते. मेले असते तरी गेले नसते.

मग एक दिवस तिचं शपथपत्र वकीलबाईंकडे पोचलं. कुणाच्या सांगण्यावरून, ते मी विचारलं नाही. सासू-सुनेत काय झालं असेल याचा मला अंदाज आहे, पण तो माझ्यापाशीच बरा. शपथपत्रात मोजकंच होतं, की मी या दुकानातून ही भांडी घेतली, खोक्यावरचं नाव मला आठवत नाही. दांड्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला वाटलं, चला, तेवढं तरी.

अशा तक्रारी सहसा कागदांवरच चालतात, पण दुकानदाराच्या वकिलाने तिला समोर प्रश्न विचारायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्या दिवशी ती एकटी आली. बाहेरच्या बाकावर माझ्यापासून दूर बसली. अंगावर चांगली साडी होती, कार्यक्रमाला नेसतात तशी. मला बघून तिने मान हलवली आणि मी खिडकीकडे बघितलं.

वकील तरुण होता आणि नम्र होता. त्याने आधी खोक्यांचं विचारलं. खोकी कुणी टाकली? हमने. शिक्के कुणी काढले? हमने. का? "हमारे यहाँ वाण पर दाम नहीं दिखाते," ती म्हणाली, आणि बाकांवरचं कुणीतरी हसलं. वकिलाने ते हसू संपू दिलं. म्हणजे बनवणाऱ्याचं नाव तुम्ही स्वतः नष्ट केलंत. ती म्हणाली, मी नाव बघितलंच नाही, मी फक्त किंमत बघत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची त्याने चांगली तयारी केली होती. तिचा आवाज बारीक होत चालला होता, आणि इतका राग असूनही मला उठून तिच्या शेजारी उभं राहावंसं वाटलं.

मग त्याने तिला सुटायची वाट दाखवली. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मैडम, आप तो इन्हें बचपन से जानती हैं. हो सकता है ना, कि बर्तन इनके हाथ से फिसल गया हो?"

महिनोन्‌महिने सोसायटीभर हेच वाक्य तिने सांगितलं होतं. आता तिला फक्त हो म्हणायचं होतं. माझी बोटं दुखायला लागली. मी त्यांच्याकडे बघितलं तर मी मूठ वळायचा प्रयत्न करत होते.

"नहीं जी," ती म्हणाली. "हैंडल निकलता है. मेरे घर वाला भी निकला था."

वकील सावध झाला. "कब?"

"संक्रांत के बाद वाले हफ़्ते में. दाल में छौंक लगा रही थी. बर्तन चूल्हे पर ही था, तो कुछ हुआ नहीं."

"मतलब, इनका हाथ जलने से पहले?"

"जी. पहले."

"तो आपने किसी को बताया क्यों नहीं?"

"बहू की पहली संक्रांत थी," ती म्हणाली, आणि एवढं बोलून पदराने तोंड पुसलं.

वकीलबाईंनी टेबलाखालून माझा उजवा हात दाबला. त्यांना कळलं होतं की आपण जिंकलो. मलाही कळलं होतं. पुढे निकाल लागला तो तसाच लागला. वस्तू सदोष होती, बनवणारा समोर आणता आला नाही म्हणून विकणारा जबाबदार, आणि तक्रारदाराचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. ते शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की पाठ झालं आहे. तिच्यावर काही करता येईल का, असं नवऱ्याने मागाहून वकीलबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, हा कायदा बनवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा. सणाला हातात भांडं ठेवणारी त्यात कुठेच बसत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, पुन्हा विचारू नका.

पण त्या दिवशी त्या खोलीत बसल्याबसल्या माझं लक्ष निकालाकडे नव्हतं. मला तिचा दांडा निघाल्यापासून माझा हात भाजेपर्यंतचे दिवस आठवत होते. त्या दिवसांत मी तिच्याकडे चहाला गेले होते. ती माझ्याकडे भाजी निवडत बसली होती. आणि एकदा फोनवर तिने विचारलं होतं, "कढलं वापरलंस का गं?" मी म्हटलं होतं, नाही अजून, रविवारी कोशिंबिरीला काढेन. त्यावर ती थोडं थांबली होती, आणि मग तिने सुनेच्या रजेचं काहीतरी सांगायला घेतलं होतं. ते थांबणं मला तेव्हा जाणवलंही नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा दोघींना जायचं मयूर विहारलाच. वकीलबाईंना दुसरं काम होतं, नवरा ताप आल्याने घरी. मेट्रोत बसायला जागा नव्हती. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की हिला माहीत होतं.

"मला वाटलं, माझंच एक खराब निघालं," ती म्हणाली. "खरंच सांगते. मला वाटलं, बाकीच्यांची चांगली असतील."

मी तिच्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते. तिच्याऐवजी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं, आणि मीही गप्प बसले असते की काय, हे मी स्वतःला विचारून बघितलं आहे. तरी त्या क्षणी मला तिच्याकडे बघवेना.

उजव्या हाताने मी दांडी धरली होती आणि कागदपत्रांची पिशवी डाव्या हातात होती. पिशवी जड होती आणि वाकलेल्या बोटांतून सुटत होती. तिच्या ते लक्षात आलं. शाळेत असल्यापासून तिच्या असल्या गोष्टी पटकन लक्षात येतात. "दे इकडे," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

मी दिली नाही. हात दुखत होता, डोळ्यांना धार लागली होती, आणि ती हात तसाच पुढे धरून उभी होती. मयूर विहार येईपर्यंत मी ती पिशवी सोडली नाही.